चार हद्दींच्या मधली भूक

भूक, गरिबी आणि पर्यावरणीय न्याय हे विषय विद्यापीठांमध्ये बहुधा वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात; परंतु नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी ते एकाच कुटुंबाच्या वाट्याला एकत्र येतात, आणि म्हणूनच त्यांचा एकत्रित अभ्यास करणारे विद्यापीठीय केंद्र ही अशा ठिकाणची खरी गरज ठरते.

महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरिबी मोजली ती अन्नाच्या मापाने: माणशी दररोज २,२५० कॅलरी देणारा आहार ज्या खर्चात परवडतो, तो खर्च त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात वर्षाला १८० रुपये आणि शहरी भागात २७० रुपये असा धरला. गरिबांना किमान मजुरीवर काम मिळवून देणारी सार्वजनिक कामे काढावीत, हा आग्रहही त्यांनी धरला. पुढे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला.

त्या केंद्रीय कायद्याने मात्र ‘ग्रामीण क्षेत्र’ या संज्ञेची व्याख्या करताना नगरपालिकांबरोबरच कटक मंडळाची, म्हणजे लष्करी छावणीचा कारभार पाहणाऱ्या कॅन्टोन्मेंट बोर्डाची, हद्दही स्पष्टपणे वगळली. देवळालीत या एका वाक्याचा अर्थ फार मोठा होतो, कारण इथे कटक मंडळ, भगूर नगरपरिषद, नाशिक महापालिका आणि लहवित, नाणेगाव, शेवगे दारणा यांसारख्या ग्रामपंचायती अशा चार प्रकारच्या हद्दी काही किलोमीटरांत एकमेकींना भिडतात. समजा, लहवितच्या एका मळ्यात दोन स्त्रिया शेजारच्या सरींत बसून निंदणी करीत आहेत आणि दोघींची रोजंदारी सारखीच आहे; त्यांतली गावात राहणारी त्या कायद्याखाली जॉबकार्ड मागू शकत होती, तर कॅम्पात भाड्याच्या खोलीत राहणारीला तो हक्कच नव्हता. उलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्यासाठी राज्याने ठरवलेली वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरी कुटुंबाला ५९,००० रुपये आणि ग्रामीण कुटुंबाला ४४,००० रुपये अशी होती. कोणाची चूल कोणत्या हद्दीत पेटते यावर हक्क ठरावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

पर्यावरणीय न्याय म्हणजे पाणी, जमीन आणि हवा यांचा लाभ कोणाला मिळतो आणि त्यांच्या नासाडीची झळ कोणाला बसते, याचा हिशेब. देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणा नदीवर इगतपुरी तालुक्यात ब्रिटिश काळात धरण झाले आणि त्याचे पाणी नांदूरमध्यमेश्वरमार्गे गोदावरीच्या कालव्यांतून अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतीला जाऊ लागले; दुष्काळी वर्षी त्याच खोऱ्यातील पाण्यावर खालच्या जायकवाडी धरणाचाही हक्क उभा राहतो, आणि राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने अशा समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. मात्र या वाटपाचा वाद धरणांतील पाणीसाठ्याच्या टक्केवारीवरच अडतो. शहराचे सांडपाणी घेऊन येणारी वालदेवी नदी चेहेडीला दारणेत मिसळते, तिथून खाली ज्यांना ते पाणी जनावरांना पाजावे लागते, त्यांचा हिशेब त्या टक्केवारीत कुठेच येत नाही.

इथे नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे स्थान महत्त्वाचे आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नोकरी-शेती करणाऱ्यांपर्यंत शिक्षण नेले आणि कृषी विज्ञान केंद्रही चालवले; असे केंद्र म्हणजे संशोधन शेतकऱ्याच्याच वावरात तपासून पाहण्याची, प्रात्यक्षिकाने दाखवण्याची आणि प्रशिक्षण देण्याची व्यवस्था. घराच्या सांडपाण्यावर मेथी, पालक, शेवगा, पपई पिकवणारी परसबाग हा अशा केंद्रांच्या पोषणकार्याचा ओळखीचा भाग आहे. परंतु कॅम्पातल्या भाडोत्री खोलीला परस नसतो. म्हणून या व्यवस्थेच्या जोडीला अर्थशास्त्र, कायदा आणि जलविज्ञान यांची माणसे हवीत, जी कुटुंबाचा आठवड्याचा आहार, मजुरीचे दिवस, रेशनची पावती आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना एकाच वहीत नोंदवतील, आणि ती वही चारही हद्दींच्या कार्यालयांपुढे एकाच वेळी ठेवतील.