अग्रहार, दक्षिणा आणि वर्गणी : ‘सुधर्मा’च्या निमित्ताने सशुल्क वाचकश्रेणींचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

म्हैसूर येथील रामचंद्र अग्रहारातून जुलै १९७० मध्ये ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिक निघू लागले. पंडित कळले नडादूर वरदराज अय्यंगार हे त्याचे संस्थापक. त्यांच्यानंतर पुत्र के. व्ही. संपतकुमार यांनी पत्नी जयलक्ष्मी के. एस. यांच्या साहाय्याने ते चालविले. या दांपत्यास २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जून २०२१ मध्ये संपतकुमार यांचे निधन झाले, तेव्हा पत्राने पन्नास वर्षे पूर्ण केली होती. २००९ पासून ते आंतरजालावरही उपलब्ध होऊ लागले. छापील अंक मुख्यत्वे टपालाने जातो, वर्गणीदारांची संख्या काही हजारांच्या घरात राहिली आहे आणि वार्षिक वर्गणी काही शे रुपयांपलीकडे गेलेली नाही. जाहिरातींचे उत्पन्न तुटपुंजे असल्याचे व खर्चाची तोंडमिळवणी अवघड असल्याचे संपादकांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले होते.

आंतरजालावर स्वतंत्रपणे लेखन, चित्रफिती वा ध्वनिमुद्रणे प्रसृत करणाऱ्यांपुढे गेल्या दशकात जो प्रश्न उभा राहिला आहे, तोच या पत्रापुढे अर्धशतकाहून अधिक काळ आहे. थोड्या, विखुरलेल्या पण निष्ठावंत वाचकांच्या बळावर एखादा वाङ्मयीन उपक्रम कसा टिकवावा, हा तो प्रश्न होय. आजचे प्रचलित उत्तर ‘सशुल्क श्रेणी’ हे आहे. एकाच निर्मितीसाठी वाचकांना दोन, तीन वा अधिक दरांचे पर्याय द्यावयाचे आणि प्रत्येक दरासोबत वेगळी सोय देऊ करावयाची, असे तिचे स्वरूप असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या पॅट्रिऑन या अमेरिकी मंचाने ही पद्धत रूढ केली. पुढे सबस्टॅक, यूट्यूब यांनीही तिचे प्रकार स्वीकारले. ही पद्धत नवी मानली जाते. परंतु भारतीय वाङ्मयव्यवहाराच्या इतिहासाकडे पाहता तिच्यातील जवळजवळ प्रत्येक घटक जुना असल्याचे दिसते. नवे काय आहे आणि जुने काय, याचा उलगडा प्रस्तुत लेखात केला आहे.

२. श्रेणी कोणाची?

‘सुधर्मा’चे प्रकाशनस्थळ येथे केवळ पत्त्यापुरते महत्त्वाचे नाही. अग्रहार म्हणजे विद्याव्यासंगी ब्राह्मणांना राजाने वा धनिकाने दिलेली करमुक्त भूमी व तीवरील वसाहत. अध्ययन-अध्यापनाचा खर्च त्या भूमीच्या उत्पन्नातून भागावा, हा तिच्यामागील हेतू. म्हैसूर संस्थानात हाच आश्रयभाव पुढे संस्थात्मक रूपात दिसतो. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील प्राच्य ग्रंथालयातच आर. शामशास्त्री यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी सापडली व १९०९ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. या व्यवस्थेत ग्रंथाचे मोल वाचक देत नसे. राजा वा संस्था विद्वानाचा निर्वाह पाही आणि ग्रंथ त्या निर्वाहाचे फळ म्हणून उरे.

महाराष्ट्रात या आश्रयाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे पेशवाईतील श्रावणमासातील दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा १७३१ नंतर पुण्यास पेशव्यांकडे आली. दक्षिणेत श्रेणी होत्या, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्वत्तेचा कस पाहून रकमेचे मान ठरे. सामान्य याचकास अल्प रक्कम आणि नामांकित शास्त्र्यास मोठी. म्हणजे श्रेणी घेणाऱ्याची होती, देणाऱ्याची नव्हती. इंग्रजी अमलात दक्षिणा फंडाच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. आश्रयाचा विषय व्यक्तीकडून ग्रंथाकडे सरकला, तरी गुणवत्तेची पायरी लेखकाच्याच वाट्याला राहिली.

वर्गणीने हा संबंध उलटा केला. लेखक वा संपादक एक, देणारे अनेक, आणि पायऱ्या पडतात त्या देणाऱ्यांमध्ये. एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक वाचनालयांत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाचे वर्गणीदार असत. वर्गानुसार एका वेळी घरी न्यावयाच्या पुस्तकांची संख्या आणि नव्या पुस्तकांवरील हक्क ठरे. नियतकालिकांच्या मलपृष्ठांवर वार्षिक वर्गणीदार, आजीव वर्गणीदार, हितचिंतक, आश्रयदाते अशी उतरंड पुढे विसाव्या शतकभर दिसते. आजच्या सशुल्क श्रेणी या उतरंडीच्या थेट वारस आहेत.

३. शब्दांची साक्ष

या व्यवहारासाठी निरनिराळ्या भाषांनी वापरलेले शब्द तौलनिक अभ्यासकास बरेच सांगून जातात. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘खाली सही करणे’ असा आहे. ग्रंथ निघण्यापूर्वी तो घेण्याचे वचन सहीनिशी दिले जाई, ही घटना त्या शब्दात गोठलेली आहे. हिंदीत व कन्नडात ‘चंदा’ हा फारसीतून आलेला शब्द चालतो आणि कन्नडात वर्गणीदारास ‘चंदादार’ म्हणतात. गुजरातीत ‘लवाजम’ रूढ आहे. मराठी ‘वर्गणी’ या शब्दाचा रोख मात्र समाईक खर्चातील वाट्यावर आहे. देवळाचा जीर्णोद्धार, गावची जत्रा, गणेशोत्सव यांसाठी जमते तीही वर्गणीच. वर्गणी देणारा वस्तू विकत घेत नसतो; एका सामूहिक कार्यातील आपला हिस्सा उचलत असतो. मराठी नियतकालिकाच्या वाचकास ‘ग्राहक’ न म्हणता ‘वर्गणीदार’ म्हटले गेले, तेव्हा हा सूक्ष्म अर्थ त्या शब्दाबरोबर आला.

या अर्थभेदाचे व्यावहारिक परिणाम होतात. ग्राहकाला मोबदला हवा असतो आणि तो न मिळाल्यास तक्रार करण्याचा हक्क असतो. वर्गणीदाराला कार्य चालू राहावे असे वाटत असते. अंक चार दिवस उशिरा आला तर तो सहसा सांभाळून घेतो, पण कार्य बंद पडले तर मात्र दुखावतो. सशुल्क श्रेणींची आखणी करणाऱ्याने आपला वाचक या दोहोंपैकी कोण, हे प्रथम ठरवावे लागते. बहुतेक उपक्रमांत दोन्ही प्रकारचे वाचक असतात आणि म्हणूनच एकच दर पुरत नाही.

४. एकाच संहितेचे अनेक दर

अलेक्झांडर पोपने ‘इलियड’चा इंग्रजी अनुवाद १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत वर्गणी पद्धतीने प्रसिद्ध केला. वर्गणीदारांना दर खंडास एक गिनी या दराने खास आकाराची प्रत मिळाली, त्यांची नावे ग्रंथात छापली गेली आणि बाजारातील विक्रीसाठी प्रकाशकाने निराळ्या आकाराच्या प्रती काढल्या. संहिता सर्वांना एकच होती. भेद होता तो प्रतीच्या देहात आणि नामोल्लेखात. दरबारी आश्रयावाचून लेखकाला स्वतंत्रपणे जगता येते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात शंकर पांडुरंग पंडित यांचा ‘वेदार्थयत्न’ (१८७६–८२), ‘काव्येतिहाससंग्रह’ (१८७८) आणि निर्णयसागरची ‘काव्यमाला’ (१८८६) या मासिकरूप प्रकाशनांनी मोठे ग्रंथ हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती दिले. संपूर्ण ग्रंथाची किंमत एकरकमी देणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना वर्गणीमुळे तो आवाक्यात आला. आणि प्रकाशकाला पुढील भागाच्या कागदाचा व छपाईचा खर्च आगाऊ मिळू लागला. नियमित लहान रकमेच्या आधारे दीर्घ निर्मिती पेलणे, हे आजच्या मासिक शुल्काचेही मर्म आहे.

संस्कृत नियतकालिकांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. अप्पाशास्त्री राशिवडेकर यांनी कोल्हापुरातून ‘संस्कृतचंद्रिका’ चालविली व १९०६ मध्ये ‘सूनृतवादिनी’ हे साप्ताहिक काढले. दोन्ही पत्रे गाजली. दोन्ही अल्पायुषी ठरली. त्यांचे वाचक कोल्हापुरापुरते नव्हते, देशभर विखुरलेले होते. अशा वाचकांकडून लहान रकमा वेळच्या वेळी गोळा करणे हेच त्या काळी मोठे काम होते. अंक व्ही.पी.ने पाठवावा, तो परत यावा आणि टपालखर्च अंगावर पडावा, हा अनुभव त्या काळच्या संपादकांना नवा नव्हता. नागपूरच्या ‘संस्कृतभवितव्यम्’ला (१९५१) संस्कृत भाषा प्रचारिणी सभेसारख्या संस्थेचा आधार होता. ‘सुधर्मा’ला मागे तशी संस्था नसताना पन्नास वर्षांचा पल्ला गाठता आला, ही गोष्ट म्हणूनच विशेष ठरते.

५. श्रेणींचे गणित आणि त्यांचा धोका

श्रेणी का कराव्यात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या पत्राचे एक हजार वाचक प्रत्येकी पाचशे रुपये देतात असे मानल्यास वार्षिक उत्पन्न पाच लाख होते. त्यांपैकी सातशे जणांनी पाचशेच, अडीचशे जणांनी एक हजार आणि पन्नास जणांनी पाच हजार रुपये दिले, तर तेच उत्पन्न साडेआठ लाखांवर जाते. यात पन्नास जणांचा वाटा सुमारे तीस टक्के असतो. दर सरसकट वाढवला असता जे सातशे वाचक कदाचित गळाले असते, ते येथे टिकतात. विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि परदेशस्थ व्यावसायिक यांच्या ऐपतीत जे अंतर असते, त्याची दखल श्रेणी घेते.

मात्र दोन धोके संभवतात. पहिला धोका आजीव वर्गणीने मराठी नियतकालिकांना चांगलाच शिकवला आहे. एकरकमी आलेला पैसा चालू खर्चात संपतो. अंक पुरविण्याची जबाबदारी मात्र वाचकाच्या आयुष्यभर उरते आणि कागद व टपालाचे दर वाढत जातात. आजीव वर्गणीची रक्कम ठेव म्हणून गुंतवून केवळ व्याजावर अंक पाठविला, तरच हा व्यवहार सुरक्षित राहतो. टंचाईच्या काळात नेमके हेच घडत नाही. आंतरजालावर ‘एकदाच भरा, कायम वाचा’ अशी श्रेणी जाहीर करणारे याच चुकीची पुनरावृत्ती करतात.

दुसरा धोका आश्वासनांचा आहे. वरच्या श्रेणीस काही तरी अधिक द्यावे लागते आणि प्रत्येक अधिक गोष्ट करणाऱ्याच्या श्रमातून येते. मासिक चर्चासत्र, स्वतंत्र पत्रोत्तर, खास अंक अशा सोयी जाहीर करणे सोपे, पाळणे कठीण. एक-दोन व्यक्तींच्या बळावर चालणाऱ्या दैनिकाला मूळ अंक काढण्याचाच वेळ या सोयी खाऊन टाकतात.

रक्कमवसुलीची यंत्रणा आता टपालखात्यातून बँकांकडे गेली आहे. पण तिचा अडसर नाहीसा झालेला नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेचे आवर्ती रकमांविषयीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आले. त्यांनुसार खात्यातून रक्कम वळती करण्यापूर्वी खातेदारास सूचना देणे बंधनकारक झाले आणि ठरावीक मर्यादेवरील प्रत्येक रकमेस स्वतंत्र संमती लागू लागली. ही मर्यादा आरंभी पाच हजार होती. जून २०२२ मध्ये ती पंधरा हजार झाली. वाचकाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. तथापि दर महिन्याला येणारी सूचना म्हणजे दर महिन्याला उद्भवणारा ‘हे चालू ठेवावे काय’ हा प्रश्न. लहान पत्राला म्हणूनच मासिक शुल्कापेक्षा वार्षिक वर्गणी अधिक मानवते.

६. काय खुले ठेवावे?

‘सुधर्मा’सारख्या पत्राच्या संदर्भात कळीचा प्रश्न दराचा नाही; कुंपण कोठे घालावे, हा आहे. देवांच्या सभेचे नाव धारण करणाऱ्या या दैनिकाचा दावाच असा, की संस्कृत ही दैनंदिन सार्वजनिक व्यवहाराची भाषा होऊ शकते. रोजचा अंक केवळ पैसे देणाऱ्यालाच दिसू लागला, तर हा दावा आपोआप आकुंचित होतो. आणि तो सर्वांना विनामूल्य दिसला, तर देण्याचे कारण उरत नाही, अशी ही कोंडी आहे.

वरील इतिहास या कोंडीतून वाट सुचवितो. पोपच्या वर्गणीदारांनी निराळी संहिता विकत घेतली नव्हती. आश्रयदात्यांच्या यादीतील मराठी वाचकालाही जादा मजकूर मिळत नव्हता. वरच्या श्रेणीचे मोल संहितेखेरीज इतर गोष्टींत होते. त्याच न्यायाने दिवसाचा अंक खुला ठेवून १९७० पासूनच्या अंकांचा शोधसुलभ संग्रह विद्यापीठे व ग्रंथालये यांच्यासाठी सशुल्क करणे, आधुनिक वस्तू-व्यवहारांसाठी वृत्तलेखनात घडलेल्या संस्कृत शब्दांची सटीप सूची शिकणाऱ्यांच्या श्रेणीस देणे आणि एखाद्या शाळेची वर्गणी भरणाऱ्याचे नाव छापणे, हे तीन मार्ग तर्कसंगत ठरतात. यांपैकी पहिल्यातील संग्रह व दुसऱ्यातील सूची एकदा केलेल्या श्रमावर दीर्घकाळ चालतात. तिसऱ्यास तर श्रमच लागत नाहीत. छापील अंक हवा असणाऱ्यांची श्रेणी अर्थातच वेगळी राहील, कारण कागद आणि टपाल यांचा खर्च खरा असतो.

७. समारोप

अग्रहारात देणारा एक होता व त्याची मर्जी फिरली की विद्या निराधार होई. दक्षिणेत घेणाऱ्यांच्या पायऱ्या होत्या आणि त्या ठरविण्याचा अधिकार सत्तेकडे होता. वर्गणीने अनेकांच्या लहान हिश्श्यांवर वाङ्मय उभे केले; मात्र वाचकाच्या ऐपतीतील भेद तिने श्रेणींच्या रूपाने उघड केला. आंतरजालीय सशुल्क श्रेणी या तिसऱ्या व्यवस्थेच्या पुढील टप्प्यावर आहेत. त्यांतील वरची श्रेणी मोबदल्याच्या भाषेत बोलत असली, तरी तिच्यात आश्रयाचाच जुना अंश मोठा असतो. खालच्या, विनामूल्य वा अल्पदराच्या वाचकाला संहितेपासून वंचित न ठेवता तो अंश मोकळेपणाने मागता येणे, यावर अल्पसंख्य वाचकांच्या भाषांतील नियतकालिकांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून राहील. संपतकुमारांच्या पश्चात जयलक्ष्मी यांनी ‘सुधर्मा’ चालू ठेवले. ते कोणत्या श्रेणींच्या आधारे पुढे जाते, ही बाब मराठीतील लहान नियतकालिकांनीही लक्षपूर्वक पाहावी अशी आहे.