भाकर आणि ऋण : वऱ्हाडातून वाचलेली एक प्रार्थना

ख्रिस्ती उपासनेतील 'प्रभूची प्रार्थना' मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येते. तिच्यात दोन मागण्या लागोपाठ आहेत : आजची भाकर आणि ऋणातून सुटका. लूकच्या पाठात ऋणाच्या जागी 'पाप' आहे. मत्तयातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'देणे' असाच होतो आणि मराठी बायबलने तेथे 'ऋण' कायम ठेवले. अकोला-अमरावतीकडच्या माणसाला हे दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

वऱ्हाड प्रांतच मुळी देण्यापायी हातचा गेला. हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली, म्हणून निजामाने १८५३ साली तो कंपनीच्या कारभाराखाली दिला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाला भाव आला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाचा पेरा वाढला. कापूस विकून ज्वारी घ्यायची, म्हणजे भाकर बाजारभावावर टांगली गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात अकोला-खामगावकडील अलायन्स मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला, तेव्हा भाकरीच्या मागणीचा अर्थ उघड होता. ऋणाचा अर्थ मात्र उपदेशात सहसा पापक्षमेपुरताच लावला जातो.

जुना करार तेवढ्यावर थांबत नाही. दर सातव्या वर्षी देणे सोडावे, पन्नासाव्या म्हणजे योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परतावी, आणि कोणाचे जाते गहाण घेऊ नये, असे त्याचे नियम आहेत. घेणेकऱ्याचा हक्क तो मानतो, पण त्याला चुलीपर्यंत येऊ देत नाही.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती. पाचसहा एकरांहून अधिक, पण कोरडवाहू जमीन असलेला वऱ्हाडी शेतकरी त्या रेषेबाहेर राहिला. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते. शिवाय 'माफी' म्हटले की कर्जदार अपराधी ठरतो. २०१९ च्या राज्य योजनेने 'कर्जमुक्ती' हा शब्द घेतला, तो मत्तयाच्या अधिक जवळचा आहे.

या प्रार्थनेत एक अटही आहे : मागणाऱ्याने आधी स्वतःच्या ऋणकोंना सोडलेले असावे. त्यामुळे ती कर्जदाराइतकीच पैसे लावणाऱ्याचीही परीक्षा घेते. आणि ती 'माझे' म्हणत नाही, 'आमचे' म्हणते. आपल्याकडे कर्ज माणूस घरातसुद्धा बोलून दाखवत नाही. एकटाच ते वाहतो आणि कधी त्याखाली मोडतो. ते चारचौघांत, सगळ्यांचे म्हणून उच्चारता येणे, ही या प्रार्थनेतील आशा मला सर्वांत खरी वाटते.