पिंजऱ्यातून घरात आलेले फोड

सन 2003 च्या मे महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तीन वर्षांच्या एका बालिकेला घरी नव्यानेच आणलेला प्रेअरी डॉग चावला. नावात ‘डॉग’ असले तरी हा प्राणी खारीच्या कुळातला. काही दिवसांत मुलीला ताप आला, अंगावर फोड उठले. तपासाअंती निदान झाले ते मंकीपॉक्सचे, म्हणजे देवीच्या विषाणूच्या भाऊबंदाचे. आफ्रिकेबाहेर माणसांत त्याची साथ प्रथमच दिसत होती. सहा राज्यांत मिळून 47 निश्चित व संभाव्य रुग्ण आढळले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

हा विषाणू प्रेअरी डॉगचा मूळचा नव्हे. घानातून सुमारे 800 लहान प्राणी विक्रीसाठी टेक्ससला उतरले होते. त्यांतील गॅम्बियाचे महाकाय उंदीर व आणखी काही प्राणी बाधित होते. पुढे इलिनॉयमधील एका विक्रेत्याकडे त्यांच्याजवळच प्रेअरी डॉग ठेवले गेले. रानात ज्यांची जन्मात गाठ पडली नसती, असे दोन खंडांतील जीव एका छपराखाली कोंडले गेले. जूनमध्ये आफ्रिकी उंदीरवर्गीयांच्या आयातीवर बंदी आली.

श्रावकाचारातील पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे प्राण्यांचा व्यापार, त्याज्य मानला आहे. अहिंसाव्रताच्या अतिचारांतही ‘बंध’ आहेच. विकणाऱ्याला दोष आणि हौसेने विकत घेणारा मात्र निर्दोष, असे म्हणता येईल काय?

म्हणून घरच्या मांजरीला हाकलून देण्याचे मात्र कारण नाही. तिच्या सहवासाने मुलांच्या अंगावर उठणारे गोल चट्टे बहुधा गजकर्णाचे असतात; ते बुरशीमुळे होतात, विषाणूमुळे नव्हे. चामखिळीचा आळही तिच्यावर घेऊ नये. ती माणसाकडूनच माणसाला लागते.

खरी दक्षता हवी ती पांजरपोळात सेवा करणाऱ्यांनी. शेळ्यामेंढ्यांच्या ओठांवर खपल्या आणणारा ‘ऑर्फ’ विषाणूजन्य आहे. आजारी करडाला बाटलीने दूध पाजताना तो बोटावरील ओरखड्यातून शिरतो आणि तेथे लालसर गाठ येते. निरोगी माणसात ती बहुधा सहा आठवड्यांच्या आत आपोआप बरी होते. सेवेच्या वेळी हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. आणि गाठ आलीच, तर आपण शेळ्यांची सेवा करतो हे डॉक्टरांना आधी सांगावे. नाहीतर गळू समजून विनाकारण चिरा दिला जाण्याचा संभव असतो.