छातीला मार लागल्यावर: काल बोलणारा रुग्ण आज व्हेंटिलेटरवर का?

अपघातानंतर पहिल्या दिवशी रुग्ण बोलत होता, एक्स-रेही फारसा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र डॉक्टर व्हेंटिलेटरबद्दल बोलू लागतात. ‘उपचारात काही चुकले का?’ अशी शंका तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पण बहुतेक वेळा याचे कारण दुखापतीतच असते.

फुफ्फुसाला मुका मार लागला की तिथे रक्त व पाणी साचते. ही सूज पहिल्या 24 ते 72 तासांत वाढू शकते. त्यात बरगड्या मोडल्या असतील तर दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साठून न्यूमोनियाचा धोका वाढतो.

श्वासाला आधार कसा देतात?

• ऑक्सिजन: नाकातील नळीने किंवा मास्कने.
• हाय फ्लो किंवा बायपॅप: रुग्ण शुद्धीवर असून स्वतः श्वास घेत असेल, पण साधा ऑक्सिजन पुरत नसेल तेव्हा.
• व्हेंटिलेटर: रुग्ण श्वास घेऊन दमला किंवा शुद्ध हरपली, तर श्वासनलिकेत नळी घालून. फुफ्फुसावर ताण येऊ नये म्हणून प्रत्येक श्वासात हवा बेताचीच देतात. नळी असेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही. ती काढल्यावर आवाज परत येतो.

फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचले असेल, तर छातीत नळी घालून ते बाटलीत काढतात. ही बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवा.

व्हेंटिलेटर फुफ्फुस बरे करत नाही. ते बरे होईपर्यंत वेळ मिळवून देतो. प्रकृती सुधारू लागली की तो काढता येईल का, हे डॉक्टर रोज तपासतात.

तुम्ही काय करू शकता?

• दुखत असल्यास लगेच सांगा. वेदना कमी झाल्या तरच खोल श्वास घेता येतो.
• शुद्धीवर असलेल्या रुग्णाला चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करायला लावा. खोकताना छातीशी उशी धरायला सांगा.
• छाती पट्ट्याने आवळून बांधू नका.
• धूम्रपान पूर्ण बंद करा.

घरी गेल्यावर धाप वाढली, ताप आला, थुंकीतून रक्त पडले किंवा ओठ निळसर दिसले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात या.