छापील प्लॅस्टिक कार्डे : प्रकार, उपयोग आणि शाळेने घ्यावयाची दक्षता

प्लॅस्टिकचे छापील कार्ड ही वस्तू आता खेड्यातील घरालाही नवी राहिलेली नाही. बँकेचे कार्ड, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, आरोग्य योजनेचे कार्ड अशी निरनिराळी कार्डे एकाच डब्यात सापडतात, आणि त्यांत मुलाच्या शाळेच्या ओळखपत्राचीही भर पडलेली असते. ही सर्व कार्डे आकाराने सारखी असल्यामुळे ती एकाच जातीची असावीत, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्यांतील काही केवळ डोळ्यांनी पाहावयाची असतात, काही यंत्राने वाचावयाची असतात, तर काहींच्या पोटात स्वतः गणित करणारे यंत्रच बसविलेले असते.

शाळांना व ग्रामसंस्थांना अशी कार्डे करून देणारे व्यावसायिक आता तालुक्याच्या गावी सहज भेटतात. ते चकचकीत नमुने दाखवितात आणि सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले, असे ऐकणाऱ्यास वाटू लागते. शाळेचा पैसा थोडा असतो, आणि मुलांची माहिती तर पैशाहूनही जपावयाची वस्तू आहे. म्हणून ह्या कार्डांचे प्रकार कोणते, कोणते कोणत्या कामास योग्य आणि शाळेने त्यांबाबत कोणती काळजी घ्यावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. कार्डाचे माप व घडण

बहुतेक सर्व कार्डांचे माप एकच असते : लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर. हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेले आहे. त्यामुळेच आपल्या जिल्ह्यातील बँकेचे कार्ड दूरदेशीच्या यंत्रातही बरोबर बसते.

कार्डे बहुधा पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, ह्या प्लॅस्टिकची असतात. शेतात व नळासाठी आपण जे पांढरे-करडे पाइप वापरतो, तेही ह्याच पदार्थाचे होत. कार्ड मात्र एकजिनसी पत्र्याचे नसते. मध्ये पांढरे थर, त्यांवर छपाई आणि वरून व खालून पारदर्शक आवरण अशी त्याची रचना असते. उष्णता व दाब देऊन हे थर एकजीव करतात आणि मग ठशाने कार्डे कापून काढतात. जेथे दीर्घकाळ टिकणे व नक्कल होऊ न देणे महत्त्वाचे असते, तेथे पॉलिकार्बोनेट हे अधिक चिवट प्लॅस्टिक वापरतात.

छपाईच्या मुख्य रीती दोन. हजारो कार्डांवर एकच मजकूर असेल, तर मोठ्या पत्र्यांवर छापखान्यातल्याप्रमाणे छपाई होते. प्रत्येक कार्डावर निराळे नाव व निराळे छायाचित्र हवे असेल, तर फितीवरील रंग उष्णतेने कार्डावर उतरविणारे लहान यंत्र वापरतात. पिवळा, किरमिजी, निळा व काळा हे रंग एकामागून एक उतरतात आणि शेवटी स्वच्छ संरक्षक थर बसतो. लहान दुकानांतून साध्या शाईच्या मुद्रकाने विशेष पत्र्यावर छापून, आवरणासह तापवून कार्ड तयार करण्याचीही पद्धत आहे. रीत कोणतीही असो, आवरण नीट बसले नसेल तर मुलांच्या घामाने व उन्हाने अक्षरे पुसट होतात. म्हणून मागणी देण्यापूर्वी एक नमुना मागवावा, तो ओल्या फडक्याने घासून पाहावा, त्याच्या कडा नखाने उचकटून पाहाव्यात आणि मगच पुढील व्यवहार करावा.

२. कार्डांचे प्रकार

ह्या वस्तूचा इतिहास फार जुना नाही. १९५० साली अमेरिकेत निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड पुठ्ठ्याचे होते. १९५९ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने प्लॅस्टिकचे कार्ड आणले. कार्डावर उठावाची अक्षरे असत आणि त्यांवर कागद ठेवून यंत्राने दाबले की पावतीवर ठसा उमटे. पुढे यंत्राने वाचावयाच्या नव्या युक्त्या निघाल्या व त्यांनुसार कार्डांचे पुढील प्रकार झाले.

(अ) केवळ छापील कार्ड. ह्यावर नाव, छायाचित्र, क्रमांक व संस्थेचे चिन्ह असते. ते पाहून माणसाने माणसास ओळखावयाचे असते. शाळा, मंडळे, लहान वाचनालये, सभासद संस्था ह्यांस हा प्रकार पुरेसा होतो.

(आ) बारकोड किंवा क्यूआर संकेत असलेले कार्ड. बारकोडच्या उभ्या रेघांत सामान्यतः एक क्रमांक दडलेला असतो; वाचनालयात पुस्तक देताना तो लिहिण्याचे श्रम वाचतात व आकडा चुकत नाही. क्यूआर हा चौकोनी संकेत १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह ह्या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार झाला. त्यात जास्तीत जास्त ७,०८९ अंक मावू शकतात आणि योग्य रीतीने केला असल्यास त्याचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्यूआर संकेत हे कुलूप नव्हे. साध्या संकेतात जे भरले असेल, ते रस्त्यावरील कोणीही मनुष्य आपल्या मोबाइलने वाचू शकतो.

(इ) चुंबकीय पट्टीचे कार्ड. कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीत माहिती चुंबकीय रूपाने साठविलेली असते. ध्वनिफितीच्या तत्त्वावर चालणारी ही युक्ती १९६० च्या दशकात अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत पुढे आली. पट्टीवरील मजकुराची हुबेहूब नक्कल करणे फसवणूक करणाऱ्यास अवघड जात नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने केवळ पट्टी असलेली कार्डे बदलून चिप असलेली कार्डे देण्यास बँकांना २०१८ अखेरची मुदत घातली होती.

(ई) चिपचे कार्ड. सोनेरी चौकोनाखाली एक सूक्ष्म संगणक असतो. रोलाँ मोरेनो ह्या फ्रेंच संशोधकाने १९७४ साली अशा कार्डासाठी एकस्व घेतले. बँकेचे यंत्र प्रश्न विचारते व चिप दर वेळी निराळे उत्तर काढून देते. त्यामुळे एका वेळचे उत्तर चोरून दुसऱ्या वेळी उपयोग होत नाही.

(उ) स्पर्शाविना चालणारे कार्ड. ह्याच्या पोटात तारेचे बारीक वेटोळे असते. यंत्राजवळ नेले की यंत्राच्या विद्युत्-चुंबकीय क्षेत्रातूनच त्यास वीज मिळते. आत बॅटरी नसते. मेट्रोची कार्डे, दार उघडणारी कार्डे, बँकांची नवी कार्डे ह्या जातीची असतात. जानेवारी २०२१ पासून अशा बँक कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम गुप्त क्रमांक न देता चुकती करण्यास मुभा मिळाली. सोय झाली हे खरे, परंतु असे कार्ड हरविल्यास बँकेस त्याच दिवशी कळविणे अगत्याचे झाले, हेही पालकांस सांगावे.

३. निवड कशी करावी

कार्डाची निवड करण्यापूर्वी संस्थेने स्वतःस चार प्रश्न विचारावेत. कार्डाने नेमके कोणते काम व्हावयाचे आहे? ते वाचणार कोण, माणूस की यंत्र? वीज किंवा इंटरनेट नसेल त्या दिवशी काम कसे चालेल? आणि कार्ड हरविले वा माहिती बदलली, तर दुरुस्ती कोण करील?

दूध उत्पादक संस्थेत दररोज सकाळ-संध्याकाळ शेकडो सभासदांची नोंद करावी लागते. तेथे यंत्राने वाचता येणारा क्रमांक वेळ वाचवितो. मोठ्या वाचनालयात बारकोड उपयोगी पडतो. परंतु साठ मुलांच्या शाळेत, जेथे गुरुजी प्रत्येक मुलास नावाने हाक मारतात, तेथे महागड्या कार्डाने हजेरी घेण्याचे प्रयोजन काय? शिवाय अशा हजेरीत एक उणीव आहे. यंत्र फक्त कार्ड आल्याचे नोंदविते. मूल आले की नाही, हे त्यास कळत नाही. एका मुलाने चार मित्रांची कार्डे टेकविली, तर यंत्र चौघांनाही हजर धरील.

ह्यावरून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. कार्ड ही नोंदवहीची किल्ली आहे, नोंदवही नव्हे. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद अचूक असेल तरच कार्डाला अर्थ आहे. तेथे नाव चुकले असेल, तर उत्तम प्लॅस्टिकवर ती चूकच अधिक टिकाऊ होऊन बसते.

४. मुलाच्या ओळखपत्रावर काय असावे, काय नसावे

मुलाचे छायाचित्र, जनरल रजिस्टराप्रमाणे पूर्ण नाव, इयत्ता व शैक्षणिक वर्ष, शाळेचे नाव, गाव व तालुका, शाळेचा यू-डायस क्रमांक आणि मूल चुकल्यास कळविण्यासाठी शाळेचा दूरध्वनी, एवढे पुरेसे आहे. पालकाचा दूरध्वनी त्यांच्या संमतीनेच आणि मागील बाजूस छापावा.

आधार क्रमांक, जात, घराचा सविस्तर पत्ता, शिष्यवृत्तीचा किंवा बँक खात्याचा तपशील ह्यांपैकी काहीही कार्डावर छापू नये. क्यूआर संकेतात तर मुळीच भरू नये. गळ्यातील कार्ड बाजारात, बसमध्ये, जत्रेत कोणीही वाचू शकतो. अनोळखी मनुष्याने मुलास नावाने हाक मारून घरची खूण सांगितली, तर मूल विश्वास ठेवते, ह्याचा विचार व्हावा. म्हणून शाळा सुटल्यावर कार्ड दप्तरात ठेवण्याची सवय मुलांस लावावी.

रक्तगटाचा रकाना भरण्यापूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा. अहवाल नसेल तर रकाना कोरा सोडावा. घरच्यांच्या ऐकीव आठवणीवरून किंवा रिकामी जागा दिसू नये म्हणून गट लिहिणे अत्यंत अयोग्य होय.

कार्डाची दोरी ओढ बसताच सुटणारी असावी. खेळताना किंवा झाडावर चढताना घट्ट दोरी गळ्यास फास होऊ शकते. लहान वर्गांसाठी खिशास लावावयाची चिमटी अधिक बरी.

छपाईसाठी यादी देतानाही दक्षता हवी. संपूर्ण विद्यार्थी-यादी, त्यातील आधार क्रमांकांसह, मोबाइलवरून दुकानदाराकडे पाठविली जाते, हे टाळावे. छापावयाचे तेवढेच रकाने द्यावेत व काम झाल्यावर यादी पुसून टाकल्याची खात्री करून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून त्यांच्या माहितीच्या बाबतीत पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. छपाईपूर्वीचा कच्चा नमुना वर्गशिक्षकाने रजिस्टराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. वरच्या वर्गातील मुलांस आपापले नाव स्वतः तपासू द्यावे. शुद्धलेखनाचा तो एक चांगला पाठच ठरेल.

५. आधार कार्डाविषयी

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली ह्या गावी देण्यात आले. पुढे २०२० मध्ये प्राधिकरणाने स्वतः पीव्हीसीचे आधार कार्ड देण्यास आरंभ केला. टपालाने आलेले पत्र, संगणकावरून उतरविलेली प्रत व हे कार्ड ही सर्व सारखीच ग्राह्य असतात. बाहेरच्या दुकानात करून घेतलेल्या प्लॅस्टिक प्रतींत सुरक्षेच्या खुणा नसतात. त्या वापरू नयेत, असे प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये कळविले होते. तेव्हा प्लॅस्टिकच्या कार्डासाठी पालकांनी मजुरी बुडवून दुकानाच्या खेपा घालू नयेत, हे ग्रामसभेत किंवा पालकसभेत समजावून सांगावे.

तसेच, २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. स्थलांतरित ऊसतोड कामगारांची वा वीटभट्टीवरील मजुरांची मुले कागदाविना शाळेच्या दारी येतात, तेव्हा ह्या निर्णयाचे स्मरण असावे.

६. जुन्या कार्डांची विल्हेवाट

वर्ष संपल्यावर जुनी कार्डे कचऱ्याबरोबर जाळू नयेत. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. जाळल्यास हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू व इतर विषारी द्रव्ये बाहेर पडतात. कार्डे नाव व छायाचित्रावरून कात्रीने कापून सुक्या कचऱ्यात द्यावीत. इयत्ता व वर्ष दरवर्षी बदलत असल्याने ती जागा कोरी ठेवून त्यावर चिकटचिठ्ठी लावल्यास एकच कार्ड काही वर्षे चालते व खर्चही वाचतो.

सारांश, कार्ड हे सोयीचे साधन आहे आणि साधनाने साधनाच्या जागी राहावे. कार्ड घरी विसरलेल्या, हरविलेल्या किंवा अद्याप न मिळालेल्या मुलास वर्गाबाहेर उभे करू नये. त्याचे भोजन, पुस्तक वा गणवेश अडवू नये. कार्ड नसताना त्या मुलाची ओळख पटविणारा शिक्षक शाळेत हजर असतोच. ती ओळख ज्या शाळेत पक्की आहे, तेथे साधे छापील कार्डही उत्तम काम देईल.