तारीख ठरली, फीचर राहिलं

प्रोमिथियसची नवी आवृत्ती साधारण दर सहा आठवड्यांनी निघते. साउंडक्लाउड या संगीत कंपनीच्या बर्लिनमधल्या अभियंत्यांनी 2012 मध्ये स्वतःच्या सर्व्हरांवर नजर ठेवायला हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आज जगभर त्याला राउटर-स्विचही जोडले जातात. ठरावीक अंतराने आकडे गोळा करायचे, साठवायचे आणि काही बिनसलं की अलर्ट द्यायचा, एवढंच त्याचं काम.

तारीख आधी ठरते. आवृत्तीत काय येणार ते नंतर. एखादं फीचर वेळेत झालं नाही तर ते पुढच्या खेपेला जातं, त्याच्यासाठी कुणी खोळंबत नाही. प्रत्येक खेपेची जबाबदारी एका स्वयंसेवकाकडे असते. त्याला म्हणतात रिलीज शेफर्ड. ठरल्या दिवशी तो मुख्य शाखेतून नवी शाखा काढतो आणि पहिला रिलीज कॅंडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची पूर्वआवृत्ती, बाहेर सोडतो. त्याआधी चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, लिहायचा असतो. हे काम कंटाळवाणं खरं, पण रात्रपाळीचा अॅडमिन सगळ्यात आधी वाचतो तो हाच कागद.

मग तीन दिवस नुसतं बघत बसायचं. प्रॉमबेंच नावाच्या चाचणीत जुनी आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी चालवतात, दोन्हींवर सारखाच भार टाकतात आणि मेमरी-सीपीयूचे आलेख ताडून पाहतात. गंमत म्हणजे या दोघींवर नजर ठेवायलाही तिसरा प्रोमिथियसच लागतो. नवी आवृत्ती जास्त मेमरी खाऊ लागली तर दुरुस्ती करायची, दुसरा कॅंडिडेट काढायचा आणि पुन्हा बघत बसायचं.

3.0 चा मामला मात्र वेगळा होता. 2.0 आलं 2017 च्या नोव्हेंबरात, 3.0 आलं 2024 च्या नोव्हेंबरात. सात वर्षं जुनं काही मोडायचं नाही म्हणून साचलेल्या दुरुस्त्या एकदम करायची ही संधी होती. होल्ट-विंटर्स नावाचं फंक्शन प्रत्यक्षात त्या नावाची ऋतुमान धरणारी पद्धत वापरतच नव्हतं. त्याचं नाव बदललं. पाच मिनिटांच्या खिडकीत मिनिटाला एक या हिशेबाने कधी पाच नमुने यायचे, तर दोन्ही टोकं नेमकी जुळली की सहा. आता डावं टोक वगळलं जातं आणि पाचच येतात. बदल बारीक दिसतो, पण एका मिनिटाच्या खिडकीवर एका मिनिटाच्या टप्प्याने दर काढणाऱ्या सबक्वेरीला आता एकच नमुना मिळतो, आणि एका नमुन्यावरून दर निघत नाही. म्हणजे अलर्ट गप्प. उगाच वाजणाऱ्या अलर्टपेक्षा हा गप्प अलर्ट जास्त धोकादायक.

3.0 पासून मेट्रिकच्या नावात यूटीएफ-8 चालतं, त्यामुळे कुणी हौसेने 'तापमान' असंही नाव ठेवू शकतो. नेटिव्ह हिस्टोग्राम, म्हणजे मोजमापांचं वितरण साठवायचा नवा प्रकार, मात्र एवढ्या मोठ्या मुहूर्तालाही प्रायोगिकच राहिले, फीचर फ्लॅगच्या आड.

या नियोजनातला सर्वांत शहाणा निर्णय 3.0 मध्ये नाही, त्याआधीच्या 2.55 मध्ये आहे. साठवणुकीच्या स्वरूपातला किरकोळ बदल तिथेच उरकून घेतला. 3.0 चा डेटा 2.55 ला वाचता येतो, त्याहून जुन्या आवृत्त्यांना नाही. म्हणजे 3.0 वर काही बिनसलं तर परतीची वाट 2.55 पर्यंतच. म्हणून सूचना अशी: आधी 2.55 वर या, सगळं सुरळीत चालतंय का पाहा, मगच 3.0 वर जा.