कान तयार, हात कच्चा

आयुष्यभर नाट्यपदं, ख्याल, भावगीतं ऐकलेला माणूस पन्नाशीनंतर हौसेनं पेटी शिकायला बसतो आणि अनेकदा थोड्याच महिन्यांत पेटी कपाटावर जाते. कारण विचारलं, तर उत्तर ठरलेलं: वय झालं, हे लहानपणीच करायला हवं होतं. हे उत्तर इतकं सर्वमान्य आहे, की त्याच्याआड दडलेला दुसरा गैरसमज कुणी तपासतच नाही. तो असा, की एवढं ऐकलंय म्हणजे निम्मं शिकून झालंच आहे, आता फक्त बोटांना वळण लावायचं. माझ्या मते माणसं हरतात ती या दुसऱ्या समजुतीपायी. खापर मात्र वयावर फुटतं.

वयाचा मुद्दा अगदीच निराधार आहे असं नाही. १९९५ साली टॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाला मेंदूतून मिळणारा प्रतिसाद त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा होता आणि ज्यांनी लहान वयात सुरुवात केली, त्यांच्यात तो जास्त ठळक होता. लवकर सुरुवात केली तर फायदा होतो, एवढंच यातून दिसतं; उशिरा आलेल्याला दार बंद, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. उलट मार्क बँगर्ट आणि एकार्ट आल्टेनम्यूलर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कधीही पियानो न वाजवलेल्या प्रौढांना शिकवलं, तेव्हा वीस मिनिटांच्या पहिल्याच सरावानंतर ऐकणं आणि बोटांची हालचाल यांची मेंदूत सांगड बसू लागल्याचं दिसलं. पाच आठवड्यांत ती आणखी पक्की झाली. प्रावीण्यासाठी दहा हजार तास सराव हवा, हा धाक तर सरळ विसरावा. तो आकडा अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३च्या अभ्यासातल्या अव्वल व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. घरी बसून यमनची बंदिश वाजवू पाहणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. कोणत्याही आधाराविना स्वर अचूक ओळखण्याची देणगी बहुधा बालपणातल्या शिक्षणातून येते, हे खरं. पण आपल्या संगीतात सा पांढरी एकवर धरा नाहीतर काळी चारवर, राग तोच राहतो. त्या देणगीवाचून इथे काही अडत नाही.

आता दुसरा गैरसमज. आमिर लाहाव आणि सहकाऱ्यांनी २००७ साली नवशिक्या प्रौढांना पाच दिवसांत पियानोवर एक छोटी धून शिकवली आणि नंतर हात न हलवता ती ऐकवली. नुसतं ऐकतानाही मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग जागे झाले. मात्र तितक्याच ओळखीची, पण कधी न वाजवलेली धून ऐकवली तेव्हा तसं घडलं नाही. म्हणजे ओळख कितीही दाट असली, तरी हाताचं शिक्षण तिच्यातून आपोआप होत नाही. दोन स्वरांत यमन ओळखणाऱ्यालाही पांढरी एकमधून सरगम वाजवताना मध्यमावर अंगठा बोटांखालून कसा न्यायचा हे शून्यापासून शिकावं लागतं. डाव्या हातानं भाता सम ठेवणं तर त्याहून चिवट काम. तो डगमगला, की बोट बरोबर पट्टीवर असूनही स्वर फुगतो नाहीतर खचतो.

मग चाळीस वर्षांचं ऐकणं वाया गेलं का? मुळीच नाही. चूक झाली हे अशा श्रोत्याला गुरुजींनी सांगावं लागत नाही, सम कुठे पडते हे मोजावं लागत नाही. पण गोची इथेच आहे. आठ वर्षांच्या मुलाचा कान आणि हात बरोबरीनं वाढतात, त्यामुळे आपलं वाजवणं त्याला फारसं बोचत नाही. प्रौढ माणसाच्या कानात मात्र गोविंदराव टेंब्यांची, अप्पा जळगावकरांची पेटी असते आणि हात असतो पहिल्या पलट्यावर. हे अंतर रोज ऐकू येतं. शिकता न येण्याची खूण म्हणून तो ते मानतो. प्रत्यक्षात ती कान फार पुढे गेल्याची खूण असते.

म्हणून सुरुवातीला जिवापाड आवडतं पद वाजवायला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. यावर कुणी म्हणेल, आवडीच्या गाण्याशिवाय हौस टिकेल कशी? प्रश्न रास्त आहे, पण हौस मोडते तीही त्याच गाण्यामुळे, कारण त्याचा आदर्श नमुना कानात पक्का बसलेला असतो. अलंकार, पलटे किंवा पूर्वी न ऐकलेलं एखादं सरगमगीत वाजवताना तुलनेला काही नसतं, तिथे हाताला मोकळेपणी चुकता येतं. तेच विलंबित लयीत, रोज वीस मिनिटं, भात्याकडे लक्ष ठेवून वाजवा. लाडकं पद काही महिन्यांनी घ्या आणि तेव्हाही आधी फक्त मुखडा.